अर्धा तास पिशवीत

कॅमेरा भिजला की तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा, ही अक्कल ज्याने पहिल्यांदा शिकवली त्या माणसाला दमटकाका शोधत होते. अगदी गंभीरपणे. कोणी भिजलेला कॅमेरा घेऊन आला आणि "तांदळात ठेवला होता" म्हणाला की ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "कोणी सांगितलं तुला? नाव सांग. राहतो कुठे?" समोरच्याला वाटायचं म्हातारा गंमत करतोय. म्हातारा गंमत करत नसायचा. तो चिमट्याने लेन्सच्या फटीतून तांदळाची पांढरी भुकटी काढून एका काचेच्या बाटलीत साठवत असायचा. बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेली होती, 'शहाण्यांचा भात'.

डिलाईल रोडवर आमच्या चाळीपासून तिसऱ्या चाळीत, जिन्याखालच्या तिरक्या जागेत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक स्टूल, एक टेबल, एक दिवा, आणि भिंतीवर लाकडी पट्टीला जोडलेल्या दोन काचेच्या नळ्या. जिन्यावरून कोणी दणदण उतरलं की डोक्यावर धूळ पडायची, म्हणून त्यांनी वरती जुनी चादर ताणून ठोकली होती आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर खडूने लिहिलं होतं, 'हळू'. अकरा पायऱ्या, अकरा वेळा 'हळू'. लोकांच्या चपलांनी ते पुसून जायचं. दर सोमवारी ते पुन्हा लिहायचे, आणि तरी कोणी दणदण उतरलं की 'हळू' म्हणून ओरडायचे.

त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघायचे नाहीत, मग सांगून काय करू? अख्खी गल्ली दमटकाका म्हणायची. कारण सकाळी दुकान उघडलं की ते आधी भिंतीवरच्या नळ्या बघायचे आणि जाहीर करायचे, "आज हवा दमट आहे." मुंबईत हवा दमट नसते कधी, हो? पण ते रोज असं सांगायचे की जणू काल रात्री दिल्लीहून तार आली आहे.

त्यांना हवेतलं कळायचं याला कारण होतं. हा माणूस मिलमध्ये हवा ओली करण्याच्या कामावर होता. विणकाम चालतं तिथली हवा कोरडी पडली की धागा तटातट तुटतो, म्हणून तिथे पाण्याचे बारीक फवारे सोडून हवा सतत ओली ठेवावी लागते. ते यंत्र काकांच्या ताब्यात होतं. दर तासाला त्या दोन नळ्या वाचायच्या आणि फवारा कमीजास्त करायचा. एक नळी साध्या तापमापकाची, दुसरीही तशीच, पण तिच्या टोकाला ओल्या मलमलीची वात गुंडाळलेली. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी उडतं आणि ती नळी गार पडते. दोन नळ्यांच्या आकड्यांत जितका फरक जास्त, तितकी हवा कोरडी. फरक नाहीसा झाला की समजायचं, हवेत पाणीच पाणी. "माझ्या खात्यात कधी धागा तुटला नाही," असं ते म्हणायचे, आणि हे सांगताना स्टुलावर ताठ बसायचे.

मग संप आला. संप आला म्हणजे काय झालं ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. काही महिन्यांनी मिलने निरोप धाडले, या कामावर, पण आधी या कागदावर सही करा की पुन्हा असं करणार नाही. काका गेटपर्यंत गेले, कागद वाचला आणि विचारलं, "असं म्हणजे कसं? मी काय केलं?" गेटवरचा माणूस म्हणाला, सही करा नाहीतर फुटा. काका म्हणाले, "मला कामासाठी बोलावलंत तर येईन. सही करून आत येणार नाही." आणि फुटले. मग ठाकूरद्वारला एका म्हाताऱ्या पारशाकडे कॅमेरा दुरुस्ती शिकले. जन्मभर हवा ओली केली, आता ती कोरडी कशी ठेवायची ते शिकलो, असं म्हणायचे.

त्या दिवसापासून त्यांनी कशावर सही केली नाही. कुरियरवाला आला तरी नाही. शेजारीण सही करून पार्सल घ्यायची. दुरुस्तीला आलेल्या कॅमेऱ्याची पावती द्यायची तर त्यावर सही लागते, म्हणून त्यांनी पावतीच बंद केली. मिलमधल्या लाकडी रिळांचे तुकडे करून त्यांवर आकडे कोरले होते. कॅमेरा ठेवला की एक तुकडा तुमच्या हातात. मोठमोठे लग्नाचे फोटोग्राफर खिशात लाकडाचा तुकडा सांभाळत फिरायचे. पारशी गेला, मिलही बंद पडली, भिंती पाडल्या, आणि त्याच आवारात काचेची चकचकीत इमारत उभी राहिली. आमच्या जिन्यापासून चालत सात मिनिटं. सगळी चाळ तिथे थंड हवा खायला जाऊन आली. काका गेले नाहीत. कोणी आग्रह केला की तेच उत्तर यायचं, "मला कोणी बोलावलंय?" वीस-बावीस वर्षं हा माणूस एका बोलावण्याची वाट बघत जिन्याखाली बसला होता आणि लोक हसायचे. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती आईच्या भक्तीमुळे.

मी तेव्हा दादरच्या एका फोटोग्राफरकडे दिवे धरायचं काम करत होते. लग्नात तो फोटो काढणार, मी छत्रीवाला दिवा घेऊन त्याच्या मागे पळणार. तीन वर्षं असं पळून मी माझा स्वतःचा पहिला डिजिटल कॅमेरा घेतला. आणि लगेच कामही मिळालं. वरळी कोळीवाड्यातल्या एक मावशी, आईला वर्षानुवर्षं मासळी देणाऱ्या, त्यांच्या नातीचा साखरपुडा होता. घरातले पुरुष म्हणाले, पोरगी काय फोटो काढणार? मावशींनी पाटीवरचा हात न काढता त्यांना गप्प केलं. साखरपुडा दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी.

दसऱ्याला मी अंघोळीला गेले आणि आईने पूजा मांडली. माझे वडील मिलवाले. मिलमध्ये दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, साच्यांना म्हणजे विणायच्या मागांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. वडील गेले, मिल गेली, घरात यंत्र म्हणून उरलं ते शिलाई मशीन आणि माझा कॅमेरा. मी बाहेर येऊन बघते तर कॅमेरा पाटावर, गळ्यात झेंडूची माळ, लेन्सची टोपी बाजूला काढलेली आणि बरोब्बर काचेच्या मधोमध हळद आणि कुंकू. वर अक्षता. वर नारळाचं पाणी.

"आई, टोपी कशाला काढलीस?"

"टोपी घातलेल्याक कुंकू खंय लावू?" आईने उलट मलाच विचारलं.

 मी तोंडाची फटकळ म्हणून चाळीत प्रसिद्ध, पण त्या क्षणी तोंडाआधी हात चालले. आणि मग मी तिच्याहून मोठा गाढवपणा केला. ओढणी घेतली आणि काच खसाखसा पुसली. हळद सगळीकडे पसरली, कुंकवाचे कण काचेवर घासले गेले. घाबरून कॅमेरा चालू करून बघितला तर लेन्सची गोल कडी फिरेना. आत तांदळाचा दाणा अडकलेला. मागचं एक बटण नारळाच्या पाण्याने चिकट होऊन दाबलेलंच राहिलं.

मी तशीच त्या काचेच्या इमारतीत धावले. तिथे कॅमेऱ्यांचं मोठं दुकान होतं, विक्री, दुरुस्ती, भाड्याने लेन्स, सगळं. दुरुस्तीला एक तरुण इंजिनिअर होता, पांढरे हातमोजे घातलेला. त्याने कॅमेरा हुंगला. "नारळ?" मी मान हलवली. तो म्हणाला, आत पाणी गेलंय, कंपनीला पाठवावा लागेल, दीड महिना धरून चाला. आणि वर मला ताकीद, रस्त्यावरच्या कोणाला उघडायला देऊ नका. चार दिवसांनी साखरपुडा. मी जिने उतरताना रडले, लिफ्ट होती तरी.

आईनेच मग मला जिन्याखाली नेलं. चूक तिची, पण ऐट बघा, "ह्यो बरो करतलो," म्हणाली आणि कॅमेरा टेबलावर ठेवून निघून गेली.

काकांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. आधी मला विचारलं, "कितीदा चालू केलास?"

"दोनदा."

"पूजेने नाही बिघडला. तू बिघडवलास." मग पुढे म्हणाले, "ओला झाला की पहिलं काम बॅटरी काढायची. कार्ड काढायचं. चालू होतोय का हे बघायचं नाही. बघायची घाई सगळ्यांना असते."

मी तोंड उघडलं तशी त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. जिन्यावरून कोणीतरी उतरत होतं. धूळ खाली बसेपर्यंत कॅमेरा उघडायचा नाही, हा नियम.

पुढचे दोन दिवस मी त्या जिन्याखाली बसून होते. त्यांची अटच तशी होती, जो बिघडवतो त्याने शेजारी बसायचं. बाळाचं नाक साफ करायला मिळतो तसला रबरी फुगा त्यांच्याकडे होता, त्याने आधी काचेवर हवा मारली. तोंडाने फुंकायचं नाही, तोंडात थुंकी असते. मग मऊ ब्रशने कण उडवले. मग फडकं, आणि औषधाचा थेंब फडक्यावर, काचेवर कधीच नाही, नाहीतर कडेने आत उतरतो. मधून सुरू करून गोल गोल बाहेर. माझ्या ओढणीकडे बघून म्हणाले, "ही नाकाला लाव, काचेला नको." आईच्या कुंकवाने दोन बारीक ओरखडे पडले होते. ते दिसतात पण फोटोत येत नाहीत, म्हणाले, आणि खरंच आले नाहीत. दाणा काढायला त्यांना तीन तास लागले. बाटलीत टाकताना मात्र थबकले. ही अक्षता आहे, शहाण्यांच्या भातात नको, म्हणाले, आणि उठून तुळशीच्या कुंडीत टाकून आले.

बटणं उघडून स्पिरिटने धुतली. बॅटरीची टोकं खोडरबराने घासली. मग कॅमेरा त्यांच्या डब्यात गेला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला आतून रबराची कडी, तळाला निळ्या खड्यांची पुरचुंडी. हे खडे ओलावा शोषतात, शोषून गुलाबी होतात. गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात गरम करायचे, पुन्हा निळे. "वेगळा तवा ठेव. भाकरीच्या तव्यावर टाकलेस तर तुझ्या आईला सांगेन." कातडी कव्हरात लेन्स ठेवायची नाही, कातडं ओल धरून ठेवतं आणि मग काचेवर बुरशीची जाळी चढते. बुरशीला ऊन आणि वारा आवडत नाही, म्हणून कॅमेरा कपाटात जपून ठेवण्यापेक्षा रोज वापरलेला बरा. "वापरतो तोच टिकतो" हे त्यांनी मला निदान चाळीस वेळा सांगितलं असेल. त्यांचा एक दोष होता तो हा, एकदा सांगून त्यांचं भागायचं नाही.

साखरपुड्याच्या सकाळी रिळाचा तुकडा घेऊन कॅमेरा परत दिला आणि हातात दोन छोटी कार्डं ठेवली. सगळे फोटो एका मोठ्या कार्डावर नको. अर्धे इथे, अर्धे तिथे. मधे फोटो पुसत बसायचं नाही. लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढायचं नाही. दुसरी बॅटरी पिशवीत नाही, अंगाजवळ. "आणि थंड खोलीतून बाहेर आलीस तर कॅमेरा अर्धा तास पिशवीत, चेन बंद. नाहीतर काचेवर वाफ धरेल." मी म्हटलं, काका, कोळीवाड्यात कुठली आलीये थंड खोली? ते म्हणाले, "ऐकून ठेव."

आणि होती ना. नवऱ्या मुलीला नटवायला शेजारच्या घरातली एसीची खोली घेतली होती. मी आत तिचे फोटो काढले, बाहेर आले आणि कॅमेरा पिशवीत टाकला. नवरदेवाकडच्यांनी आणलेला फोटोग्राफर तसाच बाहेर पळाला. भर मांडवात त्याच्या लेन्सवर वाफ आणि तो रुमालाने पुसतोय, पुसली की पुन्हा वाफ. नवरा आला, ओवाळणी झाली, अंगठी निघाली. माझा दुसरा कॅमेरा नव्हता, पण मी अर्धा तास आधीच बाहेर आले होते. अंगठीचा फोटो एकट्या माझ्याकडे आला. मावशींनी घरातल्या पुरुषांकडे फक्त एकदा बघितलं. त्या बघण्याचा फोटोही माझ्याकडे आहे.

आता माझा स्वभाव असा की जिंकून गप्प बसवत नाही. दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन मी त्या दुकानात गेले आणि इंजिनिअरच्या काउंटरवर ठेवला. म्हटलं, हुंगा. तो मात्र भला निघाला. त्याने कॅमेरा उलटसुलट बघितला, कडी फिरवून बघितली आणि हळू आवाजात विचारलं, हे कोणी केलं? मी सांगितलं, रस्त्यावरच्याने. त्याचे कान लाल झाले.

पुढच्या पावसाळ्यात तोच इंजिनिअर आमच्या जिन्याखाली उभा. छत्री गळतेय, हातात एक महागडी लेन्स. त्यांच्या भाड्याच्या लेन्सच्या कपाटात बुरशी धरत होती. एक नाही, सहा लेन्स. दिवसभर एसी चालू, कपाट नवं, तरी रोज सकाळी काचेला ओल. मुंबईतले तीन जण बघून गेले, कोणाला कळेना. मालक म्हणत होता, हे खातंच बंद करतो. म्हणजे पोराची नोकरी जाणार. त्याने लेन्स पुढे केली. काकांनी ती दिव्यासमोर धरली, आतली पांढरी जाळी बघितली आणि म्हणाले, "ही साफ करून देईन. पण उद्या पुन्हा धरेल. आजारी काच नाही, हवा आहे. हवा इथे आणता येत नाही."

तो म्हणाला, "मग तुम्ही या ना. मी बोलावतोय तुम्हाला."

जिन्यावरून कोणीतरी दणदण उतरलं. पहिल्यांदाच काका 'हळू' म्हणून ओरडले नाहीत. इंजिनिअरला ठाऊकही नव्हतं तो काय बोलला ते. मला ठाऊक होतं.

दोन दिवस त्यांनी काही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर दाढी केलेली, पांढरा शर्ट, पायात बूट. भिंतीवरच्या दोन नळ्या उतरवून टॉवेलात गुंडाळल्या होत्या. तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की त्या नळ्या मिलच्या आहेत. संपाच्या आदल्या दिवशी वात खराब झाली होती, स्टोअरमध्ये मलमल नव्हती, म्हणून बायकोच्या जुन्या लुगड्याची वात लावायला त्या घरी आणल्या. सकाळी न्यायच्या होत्या. ती सकाळ आलीच नाही. बायको गेली, नळ्या तशाच राहिल्या. "परत करायच्यात," म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

मी कॅमेरा घेतला आणि बरोबर निघाले. सात मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला पाऊण तास लागला, कारण गल्लीत प्रत्येक जण विचारत होता, दमटकाका कुठे निघालात? आणि ते प्रत्येकाला थांबून सांगत होते, "कामावर."

गेट तेच होतं. दगडी खांब ठेवले होते, वर नव्या रंगाचा पत्रा. आत डाव्या हाताला जुनं धुराडं शोभेला उभं ठेवलेलं. गेटवर सिक्युरिटीवाला, पुढे टेबल, टेबलावर जाड रजिस्टर.

"चाचा, इधर साइन करो."

काका थांबले. रजिस्टरकडे बघितलं. हातातला टॉवेल घट्ट धरला. सिक्युरिटीवाल्याने पेन पुढे केलं. काकांनी मान हलवली आणि सरळ मागे वळले.  माझं डोकं फिरलं. त्या माणसाला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. काकांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "त्याला बोलू नकोस. तो ड्युटीवर आहे." आणि चालायला लागले. पाठ इतकी वाकलेली मी त्यांची कधी बघितली नव्हती.

मी इंजिनिअरला फोन लावला. दोन वाक्यांत सांगितलं, संपाचं, कागदाचं, सहीचं. पलीकडून फोन बंद झाला. मी म्हटलं, गेलं सगळं पाण्यात. तोवर तो सरकत्या जिन्यावरून धावत खाली आलेला दिसला, हातमोजे अजून हातातच. गेटच्या बाहेर आला, काकांच्या पुढे जाऊन उभा राहिला, आणि मग सिक्युरिटीवाल्याला म्हणाला, "ये विजिटर नहीं है. काम पे आये हैं. मैंने बुलाया है." आणि रजिस्टर ओढून त्याने स्वतःची सही ठोकली.

काका वळले. पाठ सरळ झाली. गेटमधून आत गेले ते असे गेले की सिक्युरिटीवाला उठून उभा राहिला. का उठला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आत त्यांनी एकाही दुकानाकडे बघितलं नाही. ओठ हलत होते, पावलं मोजत होते. कॅमेऱ्याच्या दुकानाच्या दाराशी थांबून म्हणाले, "साचेखातं." मग आत गेले, कपाटाजवळ गेले आणि हसायला लागले. असं हसले की मालक घाबरून बाहेर आला. कपाटाच्या शेजारी, कोपऱ्यात, दगडांचा छोटा धबधबा होता. विजेवर चालणारा, रात्रंदिवस पाणी झुळझुळतंय, खाली निळा दिवा. मालकाला कोणी वास्तूवाल्याने सांगितलं होतं, ईशान्येला वाहतं पाणी ठेवा, बरकत येते.

काकांनी नळ्या उघडल्या. बाटलीतल्या पाण्याने वात भिजवली. वर्तमानपत्राने वारा घातला, पंधरा मिनिटं थांबले, वाचलं. दोन्ही नळ्यांत जेमतेम एका अंशाचा फरक. मग धबधबा बंद करायला लावला. दुकान बंद झाल्यावर एसी बंद होतो, हवा तापते, आणि हा इथे पाणी उडवत बसतो, त्यांनी समजावलं. "मालक, आम्ही इथे याच जागी हेच करायचो. तुम्ही तुमच्या कपाटात धागा विणताय." कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, कातडी कव्हरं काढा, तळाला निळे खडे ठेवा. दोन तास आम्ही बसलो. दोन तासांनी नळ्यांत पाच अंशांचा फरक. मालकाने इंजिनिअरकडे बघितलं आणि मान डोलावली. पोराचा चेहरा मी बघितला, सुटल्यासारखा झाला होता.

काकांनी खिशातून खिळा काढला. घरून आणला होता. कपाटाच्या वर ठोकला आणि त्यावर नळ्या टांगल्या. "या इथल्याच आहेत," एवढंच म्हणाले. वातीला पाणी घालायला विसरू नका, हे मात्र पाच वेळा सांगितलं.

परत गेटवर आलो. काका टेबलापाशी थांबले आणि पेन मागितलं.  रजिस्टरमध्ये इंजिनिअरच्या ओळीखाली त्यांनी नाव लिहिलं, हळू, एकेक अक्षर, आणि बाहेर जाण्याच्या रकान्यात वेळ टाकून सही केली. सिक्युरिटीवाला वाकून बघत म्हणाला, "चाचा, अंदर आने का टाइम खाली है."

"राहू दे," काका म्हणाले. "मी आतलाच होतो."

माझा हात आपोआप पिशवीच्या चेनकडे गेला. हा फोटो मला हवाच होता, सही करणारा हात, मागे गेट. काकांनी न बघता ओळखलं.

"थंडीतून बाहेर आलीस," म्हणाले. "अर्धा तास."

मी त्यांच्यावर चिडले, खरंच चिडले. म्हटलं, काका, आज तरी राहू द्या तुमचे नियम, ही वेळ परत येणार आहे का?  ते धुराड्याखाली जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून. पाऊस थांबला होता, घामाने जीव नकोसा होत होता. गल्लीतले लोक गेटपाशी गोळा व्हायला लागले. पिशवी माझ्या खांद्याला, चेन बंद. अख्खा अर्धा तास तो म्हातारा तिथे उभा राहिला, आणि कोणी त्याला हटकलं नाही.

मग मी कॅमेरा काढला. काचेवर वाफेचा ठिपका नव्हता. काकांनी छाती पुढे काढली, आणि मी फोटो घेतला.